तरुणांचे मनःस्वास्थ्य आणि घराचा आधार

मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा या दोन महामार्गांच्या सांध्यावर वसलेल्या पनवेलने गेल्या अर्धशतकात पाहिलेली स्थित्यंतरे राज्यातील फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आली असतील. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले, भाताच्या आणि मिठाच्या व्यापारासाठी ओळखले जाणारे हे जुने बंदराचे गाव. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई प्रकल्पासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील जमिनींचे संपादन सुरू झाले. पुढे कळंबोली, कामोठे, खारघर, नवीन पनवेल या वसाहती उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली.

रस्ते, पूल, घरे आणि उद्योग यांच्या रूपाने झालेला हा विकास डोळ्यांना दिसतो आणि त्याची आकडेवारी कागदोपत्री उपलब्ध असते. परंतु या वेगाच्या मध्यभागी वाढणाऱ्या सोळा ते पंचवीस वर्षांच्या मुलामुलींच्या मनावर काय परिणाम होतो, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. ती नोंद प्रथम घरात होते. मुलगा जेवणाच्या ताटावरून उठून जातो, मुलगी दार लावून बसते, कोणी रात्रभर जागा राहतो. ही नोंद वाचता येणे आणि वाचल्यावर योग्य ते करता येणे, हे एक कौशल्य आहे. ते उपजत नसते, पण शिकता येते. आणि ते कुटुंबांपर्यंत पोहोचविण्याचे काम शिक्षक, आशा स्वयंसेविका, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी हेच करू शकतात. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या कौशल्याचा परिचय करून देणे हा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजेच निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्राचा त्या राज्यांत समावेश नव्हता. तथापि तिचे निष्कर्ष आपल्यालाही विचार करावयास लावणारे आहेत. १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. ग्रामीण भागापेक्षा महानगरांतील प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. त्याहून गंभीर बाब उपचारांची. निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के व्यक्तींना कोणतेही उपचार मिळत नव्हते.

दुसरा आकडा अधिक दुःखद आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. यांतील प्रत्येक मृत्यूमागे एकच कारण नसते. परीक्षेतील अपयश, घरातील कलह, आजार, व्यसन, प्रेमभंग, पैशांची विवंचना अशी अनेक कारणे एकत्र गुंतलेली असतात. म्हणूनच कोणत्याही एका खात्याने किंवा एका उपायाने हा प्रश्न सुटणारा नाही.

पनवेलसारख्या ठिकाणी या कारणांत आणखी एकाची भर पडते. शेती, मिठागर किंवा मासेमारी असलेल्या घरात मुलाला वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी काम आपोआप मिळत असे. कामाबरोबर संगत मिळे, आणि आपण घरास उपयोगी आहोत ही भावनाही मिळे. जमीन संपादित झाली तेव्हा मोबदल्याचा हिशेब झाला, पण या दोन गोष्टींचा हिशेब झाला नाही. दुसरीकडे राज्याच्या सर्व भागांतून नोकरीसाठी येऊन येथील वसाहतींत स्थायिक झालेली कुटुंबे आहेत. आईवडील दोघेही पहाटेच्या लोकलने किंवा तळोज्याच्या कारखान्यातील पाळीसाठी घर सोडतात आणि रात्री परततात. आजी-आजोबा गावी राहिलेले असतात. मुलगा किंवा मुलगी दिवसभर बंद सदनिकेत एकटी असते. एका घराची जमीन गेली, दुसऱ्या घराचा गाव सुटला. परंतु दोन्ही घरांतील तरुणांचे एकटेपण सारखेच आहे.

पूर्वीचे सारे चांगले होते, असा याचा अर्थ नव्हे. मोठ्या कुटुंबांतही मनाचा आजार लपविला जाई, त्याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेले जाई, प्रसंगी बांधूनही ठेवले जाई. तात्पर्य एवढेच की, पूर्वी माणसांची जी सोबत न मागता मिळत होती, ती आज जाणीवपूर्वक उभी करावी लागते.

घराचा आधार खरोखर उपयोगी पडतो काय?

मनाच्या आजारावर तज्ज्ञ डॉक्टरांवाचून घरच्या घरी काय होणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या शंकेचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातील एका प्रयोगाने दिले आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या साहाय्याने, तीव्र नैराश्य असलेल्या १८ ते ६५ वयोगटातील ४९५ व्यक्तींचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ भेटींचे समुपदेशन देण्यात आले. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते स्थानिक, साधे, परंतु प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते होते. आणि भेटी आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी होत. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के व्यक्ती नैराश्यातून बाहेर पडल्या होत्या; ते न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या समुपदेशनाचे सूत्र सोपे आहे. नैराश्यात माणूस एकेक काम सोडून देतो. काम सुटले की आनंद व समाधान देणारे प्रसंग कमी होतात. ते कमी झाले की मन अधिक खचते आणि उरलेली कामेही सुटतात. हे चक्र तोडण्यासाठी मन लागण्याची वाट पाहावयाची नसते. छोटे, ठरावीक काम हाती घ्यावयाचे असते. काम करता करता मन लागू लागते.

महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले आहेत. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम राबविला. गावातील विश्वासू व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत दुःखात असलेल्या गावकऱ्यांना धीर देणे, त्यांच्या अडचणींवर उपाय शोधण्यास मदत करणे आणि गरज पडल्यास आरोग्यसेवा व शासकीय योजनांशी त्यांची गाठ घालून देणे, असे त्याचे स्वरूप होते. ठाणे येथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था तर मनाचे आरोग्य हा विषय मराठी घराघरांत बोलता करण्याचे काम तीन दशकांहून अधिक काळ करीत आहे.

मात्र या पुराव्याची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. दिल्लीच्या शासकीय शाळांत अडचणी सोडविण्याची रीत विद्यार्थ्यांना शिकविण्याचा एक प्रयोग झाला. समुपदेशकाच्या मदतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या अडचणींची तीव्रता अधिक कमी झाल्याचे जाणवले. पण विकाराच्या लक्षणांच्या मोजमापात सहा आठवड्यांनी दोन गटांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे कौशल्ये शिकविणे हिताचे आहे, तरी ती औषधोपचारांची जागा घेत नाहीत.

खुणा ओळखणे

तारुण्यात चिडचिड, हट्ट, एकांताची आवड ही स्वाभाविक असतात. तेव्हा काळजी कशाची करावी? तीन कसोट्या उपयोगी पडतात. पहिली, बदल. पूर्वी मित्रांत रमणारा मुलगा आता कोणालाच भेटत नाही, अशा प्रकारचा स्पष्ट फरक पडला आहे काय? दुसरी, कालावधी. हा बदल दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज टिकून आहे काय? तिसरी, अडथळा. झोप, जेवण, अभ्यास, काम किंवा स्वतःची स्वच्छता यांत त्यामुळे खंड पडला आहे काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर होय असल्यास त्याला आळस किंवा नाटक म्हणून सोडून देऊ नये.

मुलींच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. घरकाम नियमित चालू असल्याने त्यांचे दुःख अनेकदा नजरेत भरत नाही. वारंवार डोके किंवा पोट दुखणे, थकवा येणे अशा शारीरिक तक्रारींच्या रूपाने ते व्यक्त होते. तिचे बोलणे कमी झाले म्हणून शिक्षण थांबविणे, भ्रमणध्वनी काढून घेणे किंवा लग्नाची घाई करणे हे उपाय नव्हेत. त्यांनी तिच्या सोबतीची उरलीसुरली साधने मात्र नाहीशी होतात.

घरी शिकावयाच्या चार गोष्टी

विषय स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. कामोठे येथे दोन खोल्यांत राहणारे चौघांचे घर. वडील तळोज्यात पाळीने कामास, आई एका दुकानात. एकोणीस वर्षांचा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी चार विषयांत अनुत्तीर्ण झाला आहे. तो दुपारपर्यंत झोपतो, रात्रभर भ्रमणध्वनी पाहतो आणि महाविद्यालयात जात नाही. धाकटी बहीण दहावीत आहे. “तुला आम्ही काय कमी केलं?” हा प्रश्न घरात रोज विचारला जातो आणि रोज भांडणात संपतो.

पहिली गोष्ट ऐकण्याची. वरील प्रश्न हा प्रश्न नसून आरोप आहे, म्हणून त्याला उत्तर मिळत नाही. त्याऐवजी आईने निवांत वेळ पाहून, चहाचा कप पुढे ठेवून, “हल्ली तू रात्री झोपत नाहीस असं मी बघते. काय होतंय ते मला सांगशील का?” असे विचारावे. डोळ्यांना दिसलेली गोष्ट सांगावी, तिचा अर्थ आपण लावू नये. तो गप्प राहिला तर गप्प बसून राहावे. “बाबा, मला काही सुचतच नाही,” एवढे तो बोलला, तरी लगेच उपदेश, तुलना किंवा आपल्या कष्टांची कहाणी सुरू करू नये. “चार विषय राहिले याचं ओझं वाटतंय तुला,” असे त्याचेच म्हणणे त्याला परत सांगावे. दोन खोल्यांच्या घरात एकांत नसतो, ही अडचण खरी आहे. तेव्हा इमारतीची गच्ची, संध्याकाळचा फेरफटका किंवा बाजाराची वाट यांचा उपयोग करावा. शेजारी चालत असताना नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि बोलणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट दिनक्रमाची. गोव्यातील प्रयोगाचे सूत्र येथे कामास येते. मुलाबरोबर बसून एका वहीत आठवड्याचा तक्ता करावा. पहिल्या आठवड्यात केवळ दोन गोष्टी असाव्यात: सकाळी नऊ वाजता उठणे आणि खाली जाऊन दूध आणणे. दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटे चालणे आणि एका जुन्या मित्राला दूरध्वनी करणे यांची भर घालावी. तिसऱ्यात अर्धा तास एका विषयाचे पुस्तक उघडावे. प्रत्येक कामापुढे त्याने स्वतः, ते केल्यावर कसे वाटले, हे एका शब्दात लिहावे. एखादा दिवस चुकला तर त्याची चर्चा न करता पुढच्या दिवसापासून तक्ता चालू ठेवावा. निवडलेली कामे घराला खरोखर उपयोगी पडणारी असावीत. कारण आपली गरज आहे ही जाणीव या वयात फार मोलाची असते.

तिसरी गोष्ट अडचण सोडविण्याच्या रीतीची. व्यथित मनाला सर्व अडचणी एकाच प्रचंड डोंगरासारख्या भासतात. त्यातील एक अडचण निवडून ती एका वाक्यात लिहावी. “माझं आयुष्य वाया गेलं” ही अडचण सोडविता येत नाही. “गणिताची पुरवणी परीक्षा द्यायची आहे आणि तयारी नाही” ही सोडविता येते. त्यानंतर सुचतील ते सर्व मार्ग, चांगले-वाईट न ठरविता, लिहून काढावेत: प्राध्यापकांना भेटणे, वर्गमित्राबरोबर अभ्यास करणे, एक वर्ष थांबणे, शाखा बदलणे. प्रत्येकाचे फायदे-तोटे पाहून एक मार्ग निवडावा, तो करून पाहावा आणि आठवड्याने पुन्हा एकत्र बसून त्याचा विचार करावा. निवड मुलाने करावयाची असते. आईवडिलांनी मार्ग सुचवावा, पण निर्णय त्याच्या हातून काढून घेऊ नये. अन्यथा रीत शिकली जात नाही, केवळ आज्ञा पाळली जाते.

चौथी गोष्ट शरीराला शांत करण्याची. भीती किंवा संताप अनावर झाला असता श्वास सावकाश आत घ्यावा आणि त्याहून सावकाश बाहेर सोडावा. असे पाच मिनिटे करावे. झोपण्यापूर्वी तासभर भ्रमणध्वनी बाजूला ठेवावा. हा नियम एकट्या मुलासाठी न करता सर्व घरासाठी करावा, म्हणजे ती शिक्षा वाटत नाही. मद्य, तंबाखू किंवा अन्य नशेने झोप लागल्यासारखी वाटली तरी नैराश्य वाढते, हे त्याला न रागावता सांगावे.

या चारही गोष्टींत घरातील इतरांकडे दुर्लक्ष होऊ नये. दहावीतील बहिणीलाही विचारपूस हवी असते, आणि सतत काळजी वाहणाऱ्या आईलाही आठवड्यातून थोडा वेळ मोकळा मिळावयास हवा. आधार देणारा माणूसच थकला तर आधार टिकत नाही.

आधाराचे हे स्वरूप मराठी चित्रपटानेही प्रभावीपणे मांडले आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ जाहीर झाले. नैराश्याने ग्रासलेल्या एका तरुणाला कोकणच्या किनाऱ्यावरील एका घरात आसरा मिळतो आणि त्याच्यावर कोणतीही जबरदस्ती न करता त्याला सावरू दिले जाते, ही त्याची कथा. शाळा-महाविद्यालयांत व गावच्या कार्यक्रमांत हा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घडवून आणता येईल.

घराची मर्यादा कोठे येते?

काही प्रसंगी घराने विलंब न लावता वैद्यकीय मदत घेतली पाहिजे. कानात आवाज येणे, कोणी आपल्या वाईटावर आहे असा निराधार पण पक्का संशय येणे, अनेक दिवस झोप नसतानाही अतिउत्साह असणे, अन्नपाणी सोडणे, व्यसनावर ताबा न राहणे किंवा स्वतःस इजा करून घेणे ही त्यांची लक्षणे होत. घरी चार-सहा आठवडे प्रयत्न करूनही फरक पडत नसेल, तरीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मरणाचे विचार बोलून दाखविणे हे कधीही धमकी किंवा नाटक समजू नये. “जगणं नको असं तुला वाटतं का?” असे स्पष्टपणे विचारल्याने तो विचार मनात नव्याने पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारल्याने मन मोकळे होण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. घरातील औषधे, कीटकनाशके व इतर घातक वस्तू कुलूपबंद कराव्यात किंवा घराबाहेर हलवाव्यात. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आवेग अनेकदा थोड्या वेळाने ओसरतो, म्हणून त्या वेळी मिळालेली सोबत आणि घातक वस्तूंपासूनचे अंतर जीव वाचवू शकते.

मदतीसाठी ‘टेली-मानस’ ही शासनाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलण्याची सोय तीत आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय, कामोठे येथील महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही या भागातील नागरिकांना गाठता येण्यासारखी ठिकाणे होत.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम १८ अन्वये शासनाच्या किंवा शासनाच्या अर्थसाह्याने चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास आहे. विशेष म्हणजे, रुग्णाच्या कुटुंबास आधार देणाऱ्या किंवा घरी राहून पुनर्वसन करण्याच्या सेवांचा, तसेच मुलांसाठीच्या मानसिक आरोग्यसेवांचा उल्लेख याच कलमात आहे. म्हणजे घराला मदत करणे ही दयाबुद्धीची बाब नसून कायद्याने मान्य केलेली जबाबदारी आहे. कलम २३ अन्वये रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे, तर कलम ९५ अन्वये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे किंवा बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वयेही गुन्हा आहे.

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुणाच्या घरी आजही पोलिसांची भीती असते आणि त्यामुळे उपचार टाळले जातात. कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३०९ ठेवलेले नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचाच तीत वेगळा उल्लेख आहे. ही माहिती पोलीस पाटील व सरपंच यांनी गावात आवर्जून सांगावी.

शाळा, ग्रामपंचायत आणि आरोग्य यंत्रणा

शिक्षकाला विद्यार्थ्यातील बदल अनेकदा पालकांच्याही आधी दिसतो. सलग गैरहजेरी, गुणांतील एकाएकी घसरण, वर्गातील एकाकीपण यांची नोंद घेऊन विद्यार्थ्याशी खाजगीत बोलावे आणि त्याच्या संमतीने पालकांना भेटावे. पालक सभेत गुणपत्रिकेबरोबर ऐकण्याच्या रीतीवरही अर्धा तास बोलता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असणे आवश्यक आहे; लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून घ्यावयाची आहे. शिकवणी वर्गही या सूचनांच्या कक्षेत येतात. आपल्या शाळेची जोडणी कोणाशी आहे, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असले पाहिजे.

ग्रामपंचायतीच्या हाती दोन साधने आहेत. एक म्हणजे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिच्या बैठकीत मनःस्वास्थ्य हा विषय ठेवून, आशा स्वयंसेविकेच्या घरभेटींत तरुणांची विचारपूस व्हावी असे ठरविता येते. दुसरे म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा. वाचनालय, खेळाचे मैदान, व्यायामशाळा, मुलींना संध्याकाळीही निर्धास्तपणे जाता येईल अशी जागा, यांसाठी तरतूद करताना ती करमणुकीची बाब म्हणून मागे टाकली जाते. वस्तुतः संगत आणि काम यांच्या अभावाने खचलेल्या तरुणांसाठी तो आरोग्याचाच खर्च होय. शहरी वसाहतींत हेच कार्य गृहनिर्माण संस्था, गणेशोत्सव मंडळे व महिला बचत गट करू शकतील.

आरोग्य यंत्रणेत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे आणि आपल्या राज्यात त्याअंतर्गत ‘मैत्री’ या नावाने सल्ला केंद्रे चालविली जातात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. अडचण अनेकदा सेवा नसण्याची नसते. ती कोठे, कोणत्या दिवशी, कोणाकडे मिळते हे घराला माहीत नसण्याची असते. तालुक्यातील प्रत्येक शाळा, ग्रामपंचायत व रेशन दुकानाच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक आणि जवळच्या बाह्यरुग्ण विभागाचे वार व वेळ लिहिणे, एवढ्या अल्पखर्चाच्या कामानेही पुष्कळ अंतर कापले जाईल. मात्र हे सर्व करताना एक पथ्य पाळावे. कोणाच्या घरी काय चालले आहे, याची चर्चा सभेत, कट्ट्यावर किंवा भ्रमणध्वनीवरील गटांत होता कामा नये. एकदा विश्वास गेला की ते घर दार लावून घेते आणि पुन्हा मदत मागत नाही.

समारोप

वरील उदाहरणातील मुलगा सहा महिन्यांत चारही विषयांत उत्तीर्ण होईल, अशी ग्वाही कोणी देऊ नये. कदाचित तो शाखा बदलेल, कदाचित नोकरी धरून पुढे शिकेल, कदाचित त्याला औषधांची गरज पडेल. घराच्या आधाराची कसोटी परीक्षेच्या निकालावर लागत नाही. संकटाच्या वेळी तो आपल्या माणसांशी बोलू शकतो काय, आणि ती माणसे त्याला योग्य ठिकाणी घेऊन जाऊ शकतात काय, यावर ती लागते.

यासाठी मोठी इमारत किंवा नवीन पद मंजूर होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील पालक सभेत, पुढील ग्रामसभेत, आशा स्वयंसेविकांच्या पुढील मासिक बैठकीत या चार गोष्टी सांगता येतील. पनवेलच्या भूमीवर उभ्या राहिलेल्या रस्त्यांचा, वसाहतींचा आणि विमानतळाचा लाभ घेण्यासाठी येथील तरुण मनाने धडधाकट असणे, हेही विकासाचेच एक अंग आहे. आणि त्याची सुरुवात घरातील एका शांत, आरोप नसलेल्या प्रश्नाने होऊ शकते.